हंगाम संपत आला, हाड जुळायचे आहे

२४ सप्टेंबर २०२३. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत नुकतीच संपली होती. ऊन आणि दमटपणा इतका होता, की २४ फेऱ्यांची शर्यत आधीच २१ फेऱ्यांवर आणण्यात आली होती. दुसरा आलेला स्पेनचा होर्हे मार्टिन गाडीवरून उतरला आणि थेट खुर्चीत कोसळला. शर्यतीच्या मध्येच त्याच्या चामडी सूटची चेन उघडली होती, ती त्याने धावत्या गाडीवर कशीबशी ओढून घेतली होती. शरीरातले पाणी कमी झाल्याने त्याला उभे राहणेही कठीण झाले होते.

याच सर्किटवर आदल्या दिवशी दोन जण जायबंदी झाले होते. इटलीच्या लुका मारिनीचे कॉलरबोन मोडले आणि अॅलेक्स मार्केझच्या तीन बरगड्या मोडल्या. मार्चमध्ये पोर्तुगालला सुरू झालेला हंगाम आता शेवटच्या टप्प्यात शिरत होता आणि खरी झुंज अजून बाकी होती. मोटारसायकलच्या शर्यतीत यंत्राचा कोणताही भाग रातोरात बदलता येतो. बदलता येत नाही ते फक्त गाडीवर बसलेले शरीर. हंगामाच्या अखेरीस या शरीराचे काय होते, हे समजून घेताना हाडे, स्नायू, झोप आणि उष्णता यांबद्दल बरेच काही शिकायला मिळते. त्यातले पुष्कळसे रोज दुचाकी चालवणाऱ्या माणसालाही लागू पडते.

दहा आठवडे, आठ शर्यती

२०२३च्या हंगामात एकूण २० फेऱ्या होत्या. त्यातल्या शेवटच्या आठ दहा शनिवार-रविवारांत उरकायच्या होत्या : भारत, जपान, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, थायलंड, मलेशिया, कतार आणि शेवटी स्पेनमधले व्हॅलेन्सिया. शिवाय त्याच वर्षापासून शनिवारी अर्ध्या अंतराची 'स्प्रिंट' शर्यत सुरू झाली होती. पूर्वी एका आठवड्यात एकदाच जीव ओतून पळायचे असे, आता दोनदा. ऑस्ट्रेलियातली स्प्रिंट खराब हवामानामुळे रद्द झाली, तरी हंगामभरात ३९ शर्यती झाल्या.

गाडीवर नुसते बसायचे तर असते, असे बघणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या शर्यतीत स्वाराचे हृदय बहुतेक वेळ मिनिटाला दीडशेपेक्षा जास्त ठोके देत असते. गाडीचे किमान वजन १५७ किलो. सरळ पट्ट्यावर वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. २०२३मध्येच इटलीतल्या मुजेलो येथे ब्रॅड बाइंडरने ताशी ३६६.१ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. वळण आले की चार-पाच सेकंदांत हा वेग शंभरच्या आसपास आणायचा. त्या वेळी शरीर पुढे फेकले जाते आणि तो सगळा भार हात, खांदे आणि मांड्यांनी पेलायचा असतो. लगेच साठ अंशांपर्यंत गाडी कलवायची आणि दुसऱ्या बाजूला उचलायची. एका फेरीत दहा-पंधरा वळणे, आणि अशा वीस-पंचवीस फेऱ्या.

एका शर्यतीचा थकवा दोन-तीन दिवसांत जातो. पण सलग आठवडे हेच चालले, की आधीचा थकवा पुरता उतरण्याआधी नवा चढतो. शिल्लक वाढत जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्वार मैदानात उतरतो तो ही शिल्लक अंगावर घेऊनच.

घड्याळ मागे राहते

बहुतेक स्वार स्पेन किंवा इटलीचे. त्यांच्या घरच्या वेळेपेक्षा ऑक्टोबरमध्ये जपान सात तास पुढे, इंडोनेशियातले लोंबोक बेट सहा तास आणि ऑस्ट्रेलियातले फिलिप आयलंड नऊ तास पुढे असते. मेंदूतल्या जैविक घड्याळाला नव्या वेळेशी जुळवून घ्यायला ढोबळमानाने तासाला एक दिवस लागतो. पूर्वेकडे जाताना त्याहून जास्त, कारण त्यात दिवस लहान होतो आणि लवकर झोपावे लागते, जे शरीराला जड जाते. म्हणजे घड्याळ जेमतेम जुळत आलेले असते, तोच पुढचे विमान उभे असते.

याचा परिणाम झोपेवर होतो आणि झोपेचा परिणाम प्रतिक्रियेच्या वेगावर. ताशी ३०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ८३ मीटर अंतर कापते. ब्रेक लावायला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर झाला, तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. त्या आठ मीटरांत वळण चुकते, पुढचे चाक घसरते. दमलेल्या माणसाच्या हातून होणाऱ्या चुका मोठ्या नसतात; त्या अशा आठ मीटरांच्या असतात.

चामड्याच्या आतला उन्हाळा

भारत, इंडोनेशिया, थायलंड, मलेशिया ही २०२३च्या हंगामअखेरची चार ठिकाणे उष्ण आणि दमट होती. शरीर थंड राहते ते घाम आल्याने नव्हे, तर घाम सुकल्याने. दमट हवेत तो सुकत नाही, आणि जाड चामड्याच्या आत तर त्याला वाराही लागत नाही. हा सूट काढता येत नाही, कारण पडल्यावर कातडी वाचवणारा तोच असतो आणि २०१८पासून सक्तीची झालेली एअरबॅगही त्यातच असते. वर हेल्मेट, खाली तापलेले इंजिन.

अशा वेळी रक्ताला दोन कामे एकदम करावी लागतात : स्नायूंना प्राणवायू पुरवणे आणि त्वचेकडे जाऊन उष्णता बाहेर टाकणे. घामावाटे पाणी गेल्याने रक्ताचे प्रमाणही घटते, म्हणून हृदयाला जास्त वेगाने धावावे लागते. वजनाच्या साधारण दोन टक्के पाणी कमी झाले, की दमछाक लवकर होते आणि लक्ष विचलित होऊ लागते. ६५ किलोच्या माणसात हे दोन टक्के म्हणजे जेमतेम सव्वा लिटर. म्हणून काही स्वार सूटच्या पाठीवरच्या उंचवट्यात पाण्याची छोटी पिशवी आणि हेल्मेटपर्यंत येणारी नळी ठेवतात. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. पण २०२३च्या हंगामाच्या या टप्प्यावर दिल्लीजवळच्या उकाड्यातून जपानच्या पावसात आणि लोंबोकच्या उन्हातून फिलिप आयलंडच्या गार वाऱ्यात जायचे होते. सवय होईल कशी?

हात भरून येतो तेव्हा

स्वारांचे आणखी एक दुखणे आहे, ज्याला ते 'आर्म पंप' म्हणतात. कोपर ते मनगट या भागातले स्नायू एका चिवट आवरणात गुंडाळलेले असतात. ब्रेक आणि क्लच सतत दाबल्याने स्नायूंत रक्त भरते आणि ते साधारण पाचव्या भागाने फुगतात. आवरण मात्र ताणले जात नाही. आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा कमी पडतो, हात दगडासारखा होतो आणि बोटांतली ताकद जाते. मे २०२१मध्ये स्पेनमधल्या हेरेझ येथे फॅबियो क्वार्तारारो आघाडीवर असताना त्याचा उजवा हात असाच निकामी झाला आणि तो तेराव्या क्रमांकावर घसरला. लगेच शस्त्रक्रिया करून ते आवरण मोकळे करण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो विश्वविजेता झाला. हे दुखणे वेळीच ओळखले आणि इलाज झाला तर हंगाम वाचतो. मोडलेल्या हाडाचे मात्र तसे नसते.

पट्टी आणि हाड यांची शर्यत

पडणाऱ्या स्वाराचे सर्वांत आधी मोडते ते कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचे हसळीचे हाड. खांद्यावर आदळलेला धक्का छातीच्या पिंजऱ्याकडे नेणारा हा एकच दांडा आहे. त्याचा आकार इंग्रजी 'एस'सारखा वळलेला असल्याने तो बहुतेक वेळा मधोमध मोडतो.

मोडलेले हाड जुळण्याची रीत ठरलेली आहे. आधी तिथे रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ, कुर्चेसारखा सांधा तयार होतो. पुढच्या काही आठवड्यांत त्यात चुना भरत जातो आणि तो कडक होतो. प्रौढ माणसाचे कॉलरबोन जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, आणि त्याला मूळचा घाट व ताकद यायला आणखी कित्येक महिने.

धातूची पट्टी आणि स्क्रू बसवल्याने हा काळ कमी होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. पट्टी दोन तुकड्यांना एका जागी धरून ठेवते. हालचाल थांबली की वेदना कमी होते आणि हात वापरता येतो. पण हाड जुळेपर्यंत सगळा भार पट्टीच वाहत असते. तार पुनःपुन्हा वाकवली की तुटते, तशी पट्टीही दर धक्क्यागणिक थकत जाते. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ याला शर्यतच मानतात : आधी हाड जुळणार की आधी पट्टी तुटणार?

हंगामअखेर प्रत्येक जखमी स्वार हीच शर्यत खेळत असतो. नोएडात कॉलरबोन मोडलेल्या मारिनीने शस्त्रक्रिया करून घेतली, जपानची फेरी सोडली आणि बरोबर तीन आठवड्यांनी इंडोनेशियातल्या मंडालिका सर्किटवर सर्वांत वेगवान फेरी मारून पहिल्या जागेवरून सुरुवात केली. त्याचा संघसहकारी मार्को बेझेकी त्याच मंडालिकाच्या आदल्या आठवड्यात सरावात पडला. त्याचेही कॉलरबोन मोडले, पट्टी बसली, आणि शस्त्रक्रियेला आठवडा व्हायच्या आत तो स्प्रिंटमध्ये तिसरा आला, रविवारी पाचवा. दोघांचीही हाडे तेव्हा जुळलेली नव्हती. मारिनीचा सांधा मऊ अवस्थेत असणार, बेझेकीचा तर तेवढाही नाही. त्यांना पळवत होती ती पट्टी.

बरगड्यांना सहसा अशी पट्टी बसवत नाहीत. श्वासागणिक हलणारे हे हाड आपल्या वेळेनेच जुळते. त्यामुळे अॅलेक्स मार्केझला थांबणे भाग होते. इंडोनेशियात त्याने परतायचा प्रयत्न केला, पण माघार घ्यावी लागली. अपघातानंतर सात आठवड्यांनी मलेशियातल्या सेपांगला त्याने स्प्रिंट जिंकली. दुसऱ्या दिवशीची मुख्य शर्यत जिंकली ती एनिया बास्तियानिनीने. सप्टेंबरच्या सुरुवातीला बार्सिलोनात त्याचा डावा हात आणि घोटा मोडला होता आणि तीन फेऱ्या त्याने घरी काढल्या होत्या. ज्यांना हाडाने थांबवले, तेच दोघे सेपांगला पहिले आले.

घाईचा हिशेब

घाई नेहमीच अंगाशी येते असे नाही, पण येते तेव्हा ती गुणतक्त्यावर स्पष्ट दिसते. २७ जून २०१३ रोजी नेदरलँड्समधल्या असेन येथे होर्हे लोरेन्झोचे कॉलरबोन मोडले. तो त्याच रात्री विमानाने बार्सिलोनाला गेला, पट्टी बसवून घेतली, परत आला आणि शनिवारी शर्यत पळून पाचवा आला. जगभर कौतुक झाले. दोन आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा त्याच खांद्यावर पडला, पट्टी वाकली, दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि ती शर्यत हुकली. नोव्हेंबरमध्ये हंगाम संपला तेव्हा तो ३३० गुणांवर होता आणि विजेता मार्क मार्केझ ३३४वर. चार गुणांची ही तूट त्या एका हुकलेल्या शर्यतीतही भरून निघाली असती.

मार्क मार्केझला स्वतःला घाईचा धडा सात वर्षांनी मिळाला. १९ जुलै २०२० रोजी हेरेझ येथे त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले. २१ तारखेला पट्टी बसली आणि २५ तारखेला तो सरावासाठी गाडीवर होता. हात साथ देईना म्हणून त्याने माघार घेतली. ऑगस्टच्या सुरुवातीला घरातली एक मोठी खिडकी उघडताना ती पट्टी तुटली. खिडकी हे निमित्त होते. पट्टी आधीच थकली असणार. दुसरी शस्त्रक्रिया झाली, तरी हाड जुळले नाही आणि त्यात जंतुसंसर्ग झाला. डिसेंबरमध्ये शरीरातल्या दुसऱ्या हाडाचा तुकडा बसवून तिसरी शस्त्रक्रिया झाली. हाड जुळले, पण फिरलेल्या अवस्थेत. ते सरळ करायला जून २०२२मध्ये अमेरिकेत चौथी शस्त्रक्रिया करावी लागली. एक-दोन शर्यती वाचवायला गेलेल्या माणसाचा त्या वर्षीचा उरलेला सगळा हंगाम गेला आणि पुढची दोन वर्षेही उणी झाली.

डोक्याचा मार दिसत नाही

हाडाला निदान एक्स-रे असतो. डोक्याच्या माराचे तसे नाही. ऑक्टोबर २०११मध्ये मार्क मार्केझ मोटो-टू या धाकट्या गटात विजेतेपदापासून फक्त तीन गुण मागे होता. सेपांगच्या सरावात ओल्या जागेवर तो पडला. हाड मोडले नाही, पण त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूची नस दुखावली होती. हंगामाच्या शेवटच्या दोन्ही शर्यती हुकल्या आणि विजेतेपद जर्मनीच्या स्टेफान ब्राडलकडे गेले. जानेवारीत डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. नेमके दहा वर्षांनी, २०२१च्या ऑक्टोबरअखेर, सरावात पडल्यावर तेच दुखणे उलटले आणि पुन्हा शेवटच्या दोन शर्यती गेल्या. या खेपेला शस्त्रक्रिया न करता नस आपोआप बरी होण्याची वाट पाहिली गेली. दोन दिसत असताना वळणाचे अंतर कळत नाही. अशा वेळी गुण कितीही महत्त्वाचे असोत, गाडीवर बसताच येत नाही.

शेवटचा रविवार

२०२३चा निकाल शेवटच्या रविवारी लागला. मंडालिकाची स्प्रिंट जिंकून मार्टिन सात गुणांनी पुढे गेला होता. दुसऱ्याच दिवशी आघाडीवर असताना तो पडला आणि फ्रान्सेस्को बान्याया तेराव्या जागेवरून सुरुवात करून जिंकला. बान्यायाही धडधाकट नव्हता. सप्टेंबरच्या सुरुवातीला बार्सिलोनात तो गाडीवरून उडाला होता आणि मागून येणाऱ्या गाडीचे चाक त्याच्या पायावरून गेले होते. हाड मोडले नव्हते एवढेच. पुढच्याच आठवड्यात सुजलेल्या पायाने तो तिसरा आला होता. २६ नोव्हेंबरला व्हॅलेन्सियात दोघे उतरले तेव्हा अंतर १४ गुणांचे होते. मार्टिन सुरुवातीच्या फेऱ्यांतच मार्क मार्केझच्या गाडीला धडकून पडला. बान्याया जिंकला : ४६७ विरुद्ध ४२८. मार्टिनला विजेतेपद मिळाले ते पुढच्या वर्षी, २०२४मध्ये.

आपल्या रस्त्यावर

शर्यतीच्या स्वाराला सर्किटवरचे डॉक्टर तपासून 'फिट' ठरवतात, तेव्हाच तो गाडीवर बसतो. मागे शस्त्रक्रियेची सोय, फिजिओथेरपिस्ट, आणि पडला तर एअरबॅग. पावसात स्कूटर घसरून खांद्यावर पडलेल्या माणसाकडे यातले काही नसते. हाड मात्र दोघांचेही सारख्याच गतीने जुळते. शस्त्रक्रिया होऊन दुखायचे थांबले की बरे झालो असे वाटते, आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस मागे सिलिंडर बांधून निघतो. वेदना थांबणे आणि हाड जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी फक्त एक्स-रे सांगतो. गाडी कधी चालवायची आणि वजन कधी उचलायचे, हे तो पाहूनच डॉक्टरांनी ठरवायचे असते. प्रत्येक कॉलरबोनला पट्टी लागतेच असेही नाही. तुकडे फारसे सरकले नसतील तर झोळीत हात ठेवूनही ते जुळते. तंबाखू आणि सिगारेटने हाड जुळायला उशीर लागतो, हे मात्र पक्के.

पडल्यावर डोके आपटले असेल आणि उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, गोंधळ किंवा दोन-दोन दिसणे यांपैकी काही जाणवले, तर लगेच रुग्णालय गाठावे. हेल्मेट घातले होते म्हणून निर्धास्त राहू नये.

मार्क मार्केझच्या कहाणीचा पुढचा भाग बोलका आहे. २८ सप्टेंबर २०२५ रोजी जपानमधल्या मोतेगी येथे सहा वर्षांच्या खंडानंतर तो पुन्हा मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. पुढच्याच रविवारी मंडालिकात बेझेकीच्या गाडीची धडक बसून तो पडला आणि उजव्या खांद्याचे हाड मोडले, अस्थिबंधही दुखावले. आधी शस्त्रक्रियेविना उपचार झाले, ते पुरेनात तेव्हा शस्त्रक्रिया झाली. हंगामाच्या चार फेऱ्या बाकी होत्या. त्या चारही त्याने सोडल्या. विजेतेपद हातात होते, म्हणून थांबणे सोपे गेले, असे कुणी म्हणेल. पण २०२०मध्ये हाडाला जो वेळ मिळाला नव्हता, तो या वेळी मिळाला.